सहा नंबरचा डबा

छत्रपती संभाजीनगरात पत्ता सांगणं हे आकड्यांचं काम आहे. सिडकोनं नवी वसाहत वसवली तेव्हा नावं देण्याच्या भानगडीत न पडता एन-१, एन-२, एन-३ असे नंबर टाकले आणि बाकीचं रहिवाशांवर सोडलं. रहिवाशांनी त्यात पाण्याची टाकी, पिठाची गिरणी, मारुतीचं देऊळ आणि 'तिथं आलात की फोन करा' एवढी भर घातली. त्यामुळे आज प्रत्येक घराला किमान तीन पत्ते आहेत : आधार कार्डावरचा, पाहुण्यांना सांगायचा आणि पार्सलवाल्याला सापडणारा. वर शहराचीही दोन नावं. २०२३ मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे बदललं, २०२५ मध्ये रेल्वे स्टेशनची पाटी बदलली, विमानाच्या तिकिटावर मात्र अजून जुनीच आयएक्सयू ही अक्षरं येतात. रिक्षावाल्याला यातलं कुठलंही नाव सांगा, तो बरोबर आणून सोडतो. भाडंही दोन्ही नावांना सारखंच जास्त घेतो.

अशा गावच्या माणसाला इंटरनेटवरचे पत्ते संपले, ही बातमी ऐकून फेफरं यायचं कारण नाही. आपल्याकडे काहीही संपू शकतं आणि संपल्यावरही वर्षानुवर्षं चालू शकतं. तरीपण काय संपलं ते एकदा नीट बघायला हवं, कारण त्यापायी बाजारात राऊटर नावाच्या डब्याची जी खरेदी-विक्री चालते ती फार मौजेची आहे.

इंटरनेटवर बोलणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो. १९८१ पासून चालत आलेली नंबरांची पद्धत म्हणजे आयपी व्हर्जन चार, धंद्यातल्या भाषेत 'व्ही फोर'. या पद्धतीत एकूण नंबर होतात ४,२९,४९,६७,२९६. सवाचारशे कोटींच्या वर. विंट सर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ च्या सुमारास हा आकार ठरवला तेव्हा तो एक प्रयोग होता, आणि प्रयोगाला सवाचारशे कोटी पुष्कळ झाले. पुढे प्रयोग संपलाच नाही. वाटप तर इतकं सढळ हातानं झालं की १७ ने सुरू होणारे सगळेच्या सगळे नंबर एकट्या अ‍ॅपल कंपनीला मिळाले. ते भरतात १,६७,७७,२१६. १९ ने सुरू होणारा तेवढाच गठ्ठा फोर्ड मोटार कंपनीला मिळाला. गावाची गायरान जमीन सुरुवातीच्या दोन-चार पाटलांनी नावावर करून घेतली की पुढच्यांनी काय करायचं ते आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना समजावून सांगायला नको. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-प्रशांत विभागाची कोठीही तळाला लागली.

मग चालतंय कसं? वाड्यासारखं. गुलमंडीवरच्या जुन्या वाड्यात आठ बिऱ्हाडं असली तरी नगरपालिकेचा नंबर एकच असायचा. पत्र वाड्याच्या नंबरावर यायचं आणि आत कुणाचं ते दारातला माणूस बघून द्यायचा. राऊटर हेच करतो. घरातला टीव्ही, चार मोबाईल, लॅपटॉप, सगळ्यांना तो १९२.१६८ ने सुरू होणारे घरगुती नंबर वाटतो, आणि बाहेरच्या जगात सगळ्यांच्या वतीनं एकच नंबर मिरवतो. इथवर ठीक होतं. पुढे हा एक नंबरही परवडेना. मग इंटरनेट पुरवणाऱ्यांनी अख्ख्या गल्लीला मिळून एक नंबर दिला, म्हणजे वाड्यांचा वाडा केला. त्यासाठी २०१२ साली १००.६४ ने सुरू होणारी एक रांग खास राखून ठेवण्यात आली. तुमच्या राऊटरच्या सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत काहीही दिसला, तर समजायचं की तुम्ही वाड्यातल्या वाड्यातले पोटभाडेकरू आहात.

पोटभाडेकरूचे हाल मराठी माणसाला ठाऊक आहेत. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा वाळूजला छोटा कारखाना आहे. त्यांनी घरी बसून कारखान्यातला कॅमेरा बघायचं ठरवलं. कॅमेरा बसवणारा म्हणाला, "सर, कंपनीच्या ॲपमधून दिसंल." दिसलं. पण ते चित्र वाळूजहून कुठल्यातरी परक्या सर्व्हरवर जायचं आणि तिथून सिडकोत यायचं. डीव्हीआरशी थेट बोलता येईना. तेव्हा कॅमेरावाल्यानं खास आवाज काढून सांगितलं, "मग स्टॅटिक आयपी घ्या." स्टॅटिक आयपी म्हणजे वाड्याबाहेर स्वतःच्या नावाची पाटी. तिला वेगळे पैसे. हे पैसे उकळणं म्हणून हिणवायचं कारण नाही. जुने नंबर खरोखरच महाग झालेत. ॲमेझॉनच्या क्लाउडवर १ फेब्रुवारी २०२४ पासून एका व्ही फोर नंबराला ताशी अर्धा सेंट भाडं लागतं, म्हणजे महिन्याचे साडेतीन डॉलरच्या वर. नुसत्या नंबराचं भाडं. खोली नाही, नळ नाही.

यावर उपाय शोधून ठेवलेला आहे आणि तोही आजचा नाही. आयपी व्हर्जन सहाचा मसुदा डिसेंबर १९९८ चा आहे. (पाच नंबर कुठं गेला, असं विचारणाऱ्या चौकस वाचकांसाठी : तो एका वेगळ्या प्रयोगाला आधीच देऊन टाकलेला होता.) या व्ही सिक्समध्ये नंबर किती? आकडा लिहायला घेतला तर एकोणचाळीस अंकी होतो आणि संपादक ओळ तोडतील. मोजण्यासाठी आपल्याच मातीतलं माप घेऊ. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की पाटणादेवी लागते. तिथल्या शिलालेखामुळे तो परिसर भास्कराचार्यांच्या नावाशी जोडला गेला आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त एकं, दहं, शतं करत शेवटचं स्थान दिलं आहे परार्ध. एकावर सतरा शून्यं. यापुढे मोजायची वेळ कुणावर येईल असं त्यांना वाटलं नसावं. तर परार्धाला परार्धानं गुणायचं आणि आलेल्या उत्तराला पुन्हा चौतीस हजारांनी गुणायचं, की व्ही सिक्सचे पत्ते मिळतात. घरात येणारा सगळ्यात छोटा तुकडादेखील एकशे चौऱ्याऐंशी परार्धांचा असतो. एका वन बीएचकेला. ज्या फ्लॅटला नळाचं पाणी काही दिवसांआड मिळतं, त्याला नंबर मात्र एकशे चौऱ्याऐंशी परार्ध!

इतकं सगळं फुकट ठेवलेलं असताना जग पंचवीस वर्षं का रखडलं, याचं उत्तरही शहरापासून तासाभराच्या आत आहे. दौलताबादचा किल्ला चढताना धाप लागली की आपोआप सुचतं. १३२७ साली मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून इथं आणली आणि दिल्लीच्या मंडळींना सामानसुमानासकट इकडे निघायला सांगितलं. एकदम पत्ताबदल. पुढे काही वर्षांनी परत जायचीही वेळ आली. इंटरनेटनंही असा तुघलकी प्रकार एकदा करून पाहिला आहे. १ जानेवारी १९८३ या दिवशी अमेरिकेतल्या अर्पानेटवरच्या यंत्रांना जुनी भाषा सोडून नवी धरायला लावलं. यंत्रं काही शेच होती म्हणून निभलं, तरीही त्यातून सुटलेल्या मंडळींनी 'मी या बदलातून वाचलो' असे बिल्ले छातीवर लावले होते. दौलताबादला पोचलेल्या दिल्लीकरांनी तसे बिल्ले लावल्याची नोंद नाही.

या अनुभवानंतर शहाण्यांनी ठरवलं की आता हुकूम काढायचा नाही, जुनं आणि नवं शेजारी शेजारी नांदू द्यायचं. यंत्राला दोन्ही पत्ते द्यायचे. ज्याला जो कळेल तो वापरेल. आमच्या शहराचंही तेच धोरण असल्यामुळे यातला तोटा आम्हाला चटकन दिसतो. दोन्ही चालत असलं की नवं घेण्याची घाई कुणालाच नसते. ८ जून २०११ ला गूगल, फेसबुक, याहू यांनी एक दिवस व्ही सिक्स चालू करून पाहिलं, आणि ६ जून २०१२ ला 'आता कायमचं' म्हणून पुन्हा मुहूर्त केला. या दुसऱ्या मुहूर्ताला सिस्को आणि डी-लिंक हे घरगुती राऊटर बनवणारेही हजर होते. त्यांचं आश्वासन होतं की यापुढे डबा पेटीतून निघेल तो व्ही सिक्स चालू असलेलाच निघेल. तोवर व्ही सिक्सवाला घरगुती राऊटर ही दुर्मीळ चीज होती आणि ज्याच्याकडे असे तो पाहुण्यांना दाखवत असे.

आता दुर्मिळपणा राहिलेला नाही. पण मागायचं कसं, हा प्रश्न आहे. कॅनॉटमधल्या एका दुकानात मी सरळ विचारलं, "व्ही सिक्स चालणारा राऊटर आहे का?"

"हौ, आहे ना सर," दुकानदारानं शिडीवरच्या पोराला हाक मारली, "ए, सिक्सवाला काढ रे."

आला तो वाय-फाय सिक्स. चार शिंगांचा, काळा, कोळ्यासारखा पसरलेला. किंमत तीन हजारांच्या पुढे. आता वाय-फाय सिक्स आणि आयपी व्ही सिक्स यांचा एकमेकांशी एन-६ आणि सहाव्या वेतन आयोगाइतकाच संबंध. पहिला राऊटरपासून मोबाईलपर्यंतच्या हवेतला वेग सांगतो, दुसरा राऊटरपासून जगापर्यंतचा पत्ता. हे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं.

"सर, सिक्स मंजे सिक्स. याच्यावर सेव्हन बी आहे. दहाच्या पुढं जाईल." (म्हणजे दहा हजारांच्या.)

"स्वस्तातला नाही का? साधा?"

"साधा हजार-बाराशेत आहे. पण तुम्ही सिक्स म्हणले की नाही?"

मी साध्या डब्याची पेटी हातात घेतली. दर्शनी बाजूला वेग, अँटेनांची संख्या आणि हसतमुख परदेशी कुटुंब. मागच्या बाजूला, जिथं आयातदाराचा पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत असते, तिथं मुंगीच्या अक्षरात : आयपीव्ही४, आयपीव्ही६. बाराशे रुपयांच्या डब्यात तो होताच. दुकानदारानं चष्मा कपाळावरून नाकावर आणून वाचलं, पेटी उलटीसुलटी केली आणि लगेच भाव शंभरानं वाढवला. "पक्कं बिल पाहिजे का कच्चं?" हा प्रश्न त्यानंतरचा. पक्क्याला अठरा टक्के जीएसटी.

किमतीचा मुद्दा इथं संपतो. व्ही सिक्ससाठी जास्त पैसे पडत नाहीत. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक ओळखीच्या कंपन्यांच्या हजार-दीड हजाराच्या राऊटरमध्ये तो असतो. अंदाजपंचे कुठल्यातरी नावाच्या सातशेच्या डब्याची खात्री कुणी देऊ नये. खरी गंमत पुढेच आहे, कारण हा डबा आणून काही उपयोग नाही.

फायबरची तार घरात येते ती तुमच्या डब्यात शिरतच नाही. ती शिरते ऑपरेटरनं बसवलेल्या पांढऱ्या डब्यात, ज्याला तो ओएनटी म्हणतो आणि आपण 'ते वायफाय' म्हणतो. हा डबा टीव्हीच्या वर, फ्रिजच्या मागे किंवा देवघराच्या फळीवर खिळ्याला लटकलेला असतो. त्याच्यावर पॉवर, पॉन, लॉस असे दिवे असतात. यातला लॉस हा दिवा लाल झाला की तार तुटली आणि घरातल्या तरुण पिढीचं जगणं थांबलं. नव्या पाइपलाइनच्या खोदाईच्या काळात शहरातली लहान मुलंसुद्धा 'लॉस लाल आहे' हे वाक्य बोबड्या बोलात म्हणायला शिकली. तर या पांढऱ्या डब्यानं व्ही सिक्स घेतला नाही, तर त्याच्यामागे तुम्ही पंधरा हजारांचा राऊटर लावा नाहीतर सोन्याचा लावा, पत्ता तोच जुना आणि पोटभाड्याचा. वाड्यातल्या वाड्यात आणखी एक खोली काढल्याचं समाधान तेवढं मिळतं.

म्हणून मी ऑपरेटरला फोन लावला. पोरगा आला. या पोरांबद्दल मला मनापासून आदर आहे. पावसात खांबावर चढून केसासारखी काच जोडणं येरागबाळ्याचं काम नाही. त्यानं आल्या आल्या दिव्यांकडे पाहिलं.

"काका, लॉस तर हिरवा... म्हणजे बंद आहे. चालू आहे की नेट."

"नेट चालू आहे. मला व्ही सिक्स पाहिजे."

"स्पीड किती येतोय?"

"स्पीड चांगला आहे."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नव्हतं, आणि जगभरात व्ही सिक्सचं घोडं याच 'मग'पाशी अडलं आहे. आजचा मोबाईल किंवा लॅपटॉप एखादी साइट उघडताना दोन्ही पत्ते तपासतो. नव्या पत्त्यावर दार वाजवतो, साधारण पाव सेकंद वाट बघतो, उत्तर आलं नाही की गुपचूप जुन्या पत्त्यावर जातो. वापरणाऱ्याला पत्ताच लागत नाही. ज्यानं ही युक्ती काढली त्यानं लोकांचा त्रास वाचवला आणि त्याच झटक्यात तक्रारीही वाचवल्या. आणि आपल्याकडे ज्याची तक्रार नाही ते काम निघत नाही. लॉस लाल झाला तर माणूस तासाभरात येतो. व्ही सिक्स नसल्याचा दिवाच डब्यावर नाही.

पोरगा मात्र भला होता. त्यानं लॅपटॉपवर १९२.१६८.१.१ उघडलं, पासवर्ड टाकला (डब्याच्या पोटावरच्या स्टिकरवर जो होता तोच), आणि वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, पानावर एक यादी खाली ओढून दाखवली. तिच्यात तीन पर्याय होते : आयपीव्ही४, आयपीव्ही६, आणि दोन्ही. निवडलेला पहिला. म्हणजे डब्याला सहा येत होता! वर्षानुवर्षं फळीवर बसून तो कुणी विचारायची वाट बघत होता. पोरानं 'दोन्ही' केलं, डबा रिस्टार्ट झाला, दिवे लुकलुकले, आणि काहीही झालं नाही. "वरून चालू नाही काका. ऑफिसात बोलावं लागंल." वर बोट करून तो असं काही म्हणाला की मला क्षणभर वाटलं, प्रकरण देवाच्या हातात गेलं.

शेजारचे निवृत्त लेखाधिकारी हे सगळं दारातून पाहत होते. त्यांची शंका वेगळी. "प्रत्येक टीव्हीला, बल्बला स्वतंत्र पत्ता दिलात तर कोणीही थेट घरात शिरेल की हो!" शंका अगदीच टाकाऊ नव्हती. पण पत्ता असणं आणि दार उघडं असणं यात फरक आहे. चांगला राऊटर बाहेरून न बोलावता येणाऱ्याला व्ही सिक्सवरही आत घेत नाही. वाळूजच्या कॅमेऱ्यालासुद्धा दार मुद्दाम किलकिलं करून द्यावं लागेल. लेखाधिकाऱ्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी सेवेतही कधी पहिल्या खुलाशावर शेरा काढला नव्हता.

आणि हे सगळं चालू असताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशातला मोबाईल व्ही सिक्सवरच होता. ही या प्रकरणातली सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. कोट्यवधी नवी गिऱ्हाइकं आणि देशाच्या वाट्याला आलेले जुने नंबर मूठभर. जिओनं पहिल्यापासूनच व्ही सिक्सचा रस्ता धरला आणि बाकीच्यांनाही यावं लागलं. आज व्ही सिक्सच्या वापराच्या गूगलच्या मोजणीत भारत सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे, जग निम्म्याच्या जवळपास. या एका परीक्षेत आपण अमेरिकेच्या पुढे आहोत आणि कुणी पेढे वाटले नाहीत. लेखाधिकाऱ्यांचं वायफाय बंद करून मोबाईलवर पत्ता दाखवला : २४०९ ने सुरू होणारी लांबलचक आगगाडी. त्यांनी ती डायरीत उतरवून घेतली. मी म्हणालो, उद्या बदलेल. तरी उतरवली.

म्हणजे खिशातल्या दहा हजारांच्या मोबाईलला जे अनेक वर्षं बिनबोभाट मिळतंय, ते घरातल्या पक्क्या तारेच्या, शंभर-दोनशे एमबीपीएसच्या जोडणीला मिळत नाही. मोठ्या कंपन्यांच्या फायबरवर ते बरंचसं मिळतं. रखडलंय ते गल्लीबोळातल्या छोट्या ऑपरेटरकडे, ज्याच्याकडे यंत्रसामग्री जुनी आहे आणि ज्याला गिऱ्हाइकानं कधी विचारलेलंच नाही. त्याच्यावर चिडण्यात हशील नाही. तो आजवर 'नेट स्लो आहे' आणि 'बिल दोनदा आलं' यांचीच उत्तरं देत आलाय.

तेव्हा नवा राऊटर आणायच्या आधी एवढं करा. घरच्या वायफायवर टेस्ट-आयपीव्ही६ डॉट कॉम उघडा. दहापैकी दहा गुण पडले तर पैसे वाचले, त्यातून लेकरांना तारापान खिलवा. शून्य पडले तर ऑपरेटरला फोन करा आणि सांगा की दूरसंचार विभागानं नोव्हेंबर २०२१ मध्ये काढलेल्या आदेशाप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ नंतरची प्रत्येक नवी घरगुती तारेची जोडणी व्ही सिक्स वाहून नेणारी असलीच पाहिजे, आणि ऑपरेटरच्या मालकीचे जे डबे तसे नाहीत ते त्यानं त्याच तारखेपर्यंत बदलायचे होते. तारीख वाचून दाखवा, आवाज चढवू नका. पलीकडून 'लॉस लाल आहे का?' असं विचारतील. नाही म्हणा, आणि फोन ठेवू नका.